आईचा मोडलेला हात आणि घराची अब्रू

वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात रोज रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेला आरंभ आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती, हा क्रम आता आमच्याकडे पक्का बसला आहे. वाचन माझ्याकडे असते, कारण मी मास्तर. मागील एका वर्षावासात त्रिसरणाच्या वेळी सर्वांचे हात जोडलेले असताना पुढच्या रांगेतील एका आजींचा एकच हात छातीशी धरलेला दिसला. दुसरा प्लास्टरमध्ये होता. वाचन आटोपल्यावर मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “न्हाणीत पाय घसरला, मास्तर.” मागे बसलेल्या दोन बायांनी एकमेकींकडे पाहिले आणि माना खाली घातल्या.

न्हाणीत कोणाचाही पाय घसरला नव्हता, हे त्या बायांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. आमचे घर त्यांच्यापासून तिसरे. श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत जमा झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या घरातून भांडी आदळल्याचा आवाज येतो, मग आजींचा, मग काहीच नाही. सारी आळी ऐकते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

चार दिवसांनी आजी रात्री आमच्याकडे आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “पोराला जरा समजावून सांग बाबा. हात उगारतो.” त्यावर मी जे उत्तर दिले ते येथे लिहायला लाज वाटते, पण लिहिल्यावाचून हा लेख पुढे जाणार नाही. मी म्हणालो, “आजी, समाप्तीचा कार्यक्रम तोंडावर आलाय. भंतेजी येणार, बाहेरगावची माणसं येणार. आता पोलीस-बिलीस नको. घरातली गोष्ट घरातच मिटवू. मी बोलतो त्याच्याशी.” बोललो. त्याने मला ‘सर’ म्हटले, चहा पाजला, हात जोडले. मी निघाल्यावर त्याने दार लावून घेतले. दुसऱ्या दिवसापासून आजी वाचनाला यायच्या बंद झाल्या.

माझ्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिला. ती पदवी मी एका म्हातारीला गप्प बसवायला वापरली. मी कोणाचे रक्षण करीत होतो? आजींचे तर नव्हेच. मी ‘अब्रू’चे रक्षण करीत होतो. आळीची, विहाराची, समाजाची अब्रू. आता प्रश्न असा की, एका म्हाताऱ्या बाईच्या मोडलेल्या मनगटावर उभी राहते ती अब्रू कोणत्या जातीची? ‘जातीची’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

श्रावस्तीला भगवान बुद्ध भिक्षेसाठी एका अग्निपूजक ब्राह्मणाच्या दाराशी गेले, तेव्हा त्याने त्यांना ‘वृषल’ म्हणून दूर उभे राहायला सांगितले. वृषल म्हणजे हीन, गावकुसाबाहेरचा. हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी वेगवेगळ्या उच्चारांत आयुष्यभर ऐकला. बुद्धांनी रागावून उत्तर दिले नाही. त्यांनी त्याला विचारले की वृषल कोणाला म्हणतात हे तुला माहीत आहे काय, आणि मग स्वतःच सांगितले. सुत्तनिपातातील वसलसुत्तात ती यादी आहे. जन्माने कोणी वृषल होत नाही, कृतीने होतो, हे त्यातील प्रसिद्ध वचन आपण भाषणांतून शेकडो वेळा ऐकले आहे. पण त्या यादीत कोणत्या कृती सांगितल्या आहेत तिकडे आपण फारसे पाहत नाही. त्यात अंगात बळ असून म्हाताऱ्या आईबापांना पोसत नाही तो वृषल आहे. आईला, बापाला, भावाला, बहिणीला मारतो किंवा शब्दांनी छळतो तो वृषल आहे. आणि त्याच ओळीत सासूही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी घरातल्या मारहाणीच्या यादीत सासूचे नाव घालणारा हा महापुरुष घराच्या आतले किती पाहत होता!

म्हणजे ज्याने आपल्यावरचा जन्माचा शिक्का पुसला, त्यानेच दुसरा शिक्का तयार ठेवला आहे, आणि तो दारूच्या नशेत आईचा हात पिरगाळणाऱ्यासाठी आहे. धर्मांतराने आपण पहिल्यातून सुटलो. दुसऱ्यातून दीक्षेच्या प्रमाणपत्राने सुटका होत नाही. आळीने आवाज ऐकून टीव्ही मोठा केला तर समाजाची अब्रू वाचते असे मला वाटत होते. या सुत्ताप्रमाणे ती त्याच क्षणी गेलेली असते, फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना कळलेली नसते.

ज्या घरांत दीक्षेला अजून दोन-चार वर्षेच झाली आहेत, त्या घरांतील बंधुभगिनींना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बावीस प्रतिज्ञांत आपण श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही असे म्हणतो. फार चांगले. मेलेल्या बापाच्या नावाने कावळ्याला भात घालणे आपण सोडले. पण तो भात वाचला तो कोणासाठी? जिवंत बापाच्या ताटात तो पडत नसेल तर आपण कावळ्याचाही घास काढला आणि बापाचाही. आमच्याच नात्यात एक गृहस्थ आहेत. पिंडदानावर तासभर व्याख्यान देतात, आणि त्यांचे वडील दुपारी मुलीच्या घरी जेवायला तीन मैल चालत जातात.

आता आक्षेपांकडे येऊ. आजी पुढे माझ्याशी बोलल्या तेव्हा सारे आक्षेप त्यांनीच मांडले. मला वेगळे शोधावे लागले नाहीत.

पहिला आक्षेप असा की हे मागल्या जन्मीचे पाप आहे, भोगलेच पाहिजे. येथे आपण थांबून स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख, हा सिद्धांत बाबासाहेबांनी बौद्ध म्हणून मान्य केला नाही. असा सिद्धांत मानला की माणसाच्या दुःखाबद्दल समाज आणि राज्य दोघेही मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. आजींच्या घरात मोकळा होणारा समाज म्हणजे आम्ही तिसऱ्या घरातले, आणि मोकळा होणारा गुन्हेगार म्हणजे त्यांचा मुलगा. सत्तर वर्षांची बाई स्वतःलाच दोषी ठरवून आम्हा सर्वांना निर्दोष सोडते, याहून अधिक सोयीचा न्याय आम्हाला कुठे मिळणार?

दुसरा आक्षेप क्षमेचा. बुद्धाने तर सांगितले आहे की चोरांनी करवतीने अंग कापले तरी मनात द्वेष येऊ देऊ नये. मग आईने मुलावर तक्रार कशी करायची? मज्झिमनिकायातील हा उपदेश खरा आहे आणि फार उंच आहे. पण तो भिक्खूंना आहे, आणि तो मनातल्या द्वेषाविषयी आहे. कापणाऱ्याला अडवू नये, शेजाऱ्यांनी धावून येऊ नये, असे त्यात कोठेही नाही. द्वेष न करणे आणि दाद न मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एक करून टाकल्या आणि त्यांचा भार नेहमी अशाच माणसावर टाकला ज्याच्या अंगात उलट हात उगारण्याचे बळ नाही. मार खाणाऱ्याला क्षांती शिकवणारे पुष्कळ भेटतात. मारणाऱ्याकडे जाऊन क्षांतीचा पाठ घेणारे मी तरी पाहिले नाहीत.

आईबापांनी दाद मागावी की नाही, याचे उत्तर खुद्द त्रिपिटकात एका कथेत आले आहे. संयुक्तनिकायात एका श्रीमंत ब्राह्मणाची गोष्ट आहे. फाटक्या वस्त्रात, काठी टेकत तो बुद्धांकडे आला. विचारल्यावर त्याने सांगितले की, मला चार मुलगे आहेत आणि त्यांनी बायकांशी संगनमत करून मला घराबाहेर काढले. बुद्धांनी त्याला, जा, घरी जाऊन सहन कर, असे सांगितले नाही. त्यांनी त्याला काही गाथा शिकवल्या आणि सांगितले की सभा भरेल, तुझी मुलेही तेथे बसलेली असतील, तेव्हा सर्वांसमोर या म्हण. त्या गाथांचा आशय असा की, ज्यांच्या जन्माने मला आनंद झाला त्यांनीच मला, कुत्रे डुकराला हाकलतात तसे, हाकलले. अशा मुलांपेक्षा ही काठी बरी, कारण ती माजलेला बैल अडवते, कुत्रे अडवते, अंधारात पुढे चालते, पाय अडखळला तर उभे करते. म्हाताऱ्याने सभेत ते म्हटले. मुलांनी बापाला घरी नेले, न्हाऊ घातले, वस्त्रे दिली.

बुद्धांनी म्हाताऱ्याला दिले ते एक निवेदन होते, आणि जागा सांगितली ती सभा. घरातली गोष्ट घरातच मिटवू, असे मी म्हणालो होतो. तथागतांनी ती चारचौघांत मांडायला सांगितली. त्या काळी सभा होती, आज न्यायालय आहे, प्रांताधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. आपल्या म्हाताऱ्यांना ती काठी मिळालेली आहे, पण बहुतेकांना ती कोणत्या कोपऱ्यात उभी आहे हेच माहीत नाही. म्हणून थोडे कायद्याविषयी.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क बायकोला आणि मुलांना होता, आईबापांना नव्हता. १९७३ च्या संहितेने कलम १२५ मध्ये तो आईबापांना दिला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हेच कलम १४४ आहे. मुलगी लग्न करून गेली म्हणजे सुटली असे नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव सवाई, सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे असे ठरवले. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यातही वृद्ध आईबापांना पोसण्याचे बंधन आहे, आणि नाव ‘हिंदू’ असले तरी तो कायदा बौद्धांना लागू आहे. नावाचा राग धरून हक्क सोडू नये.

त्यानंतर २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. साठ वर्षे पुरी झालेला माणूस ज्येष्ठ नागरिक, पण आईबापांना साठीची अट नाही. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करायचा. कोर्टाची पायरी नाही, वकिलावाचून काम चालते. स्वतः जाणे शक्य नसेल तर दुसऱ्या कोणाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. निकाल नव्वद दिवसांत द्यावा, फार तर आणखी तीस दिवस घ्यावेत, असे कायदा म्हणतो. मधल्या काळात अंतरिम रक्कम मागता येते. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो. आदेश मोडला तर वसुलीचे वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी नेऊन कायमचे टाकून देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. यात्रेत, रेल्वे फलाटावर, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात माणसे सोडून जातात, त्यांनी हे वाचावे.

याच कायद्याचे कलम २३ प्रत्येक म्हाताऱ्या आईबापाने अंगठा उठवण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावे. मुलाने सांभाळावे या अटीवर घर किंवा जमीन त्याच्या नावे केली आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात अशी अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगून घर आईला परत देवविले. तेव्हा सोपी गोष्ट म्हणजे बक्षीसपत्रातच ‘मरेपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर’ असे लिहून घ्यावे. पोटच्या मुलावर एवढा अविश्वास कशाला, असे म्हणणारे म्हणतील. ज्या मुलाला सांभाळायचेच आहे त्याला ही ओळ का टोचावी?

पण हे सारे भाकरीचे झाले. माराचे काय? २००७ च्या कायद्यात मारहाणीसाठी थेट शिक्षा नाही. तिथे दुसरे दोन रस्ते आहेत. एक फौजदारी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ खाली साधी दुखापत येते. ती अदखलपात्र असल्यामुळे ठाण्यात एन. सी. लिहून परत पाठवतात, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटते की संपले, कायदा एवढाच होता. परंतु हाड मोडणे किंवा दात पडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. ती कलम ११७ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे आजींच्या मनगटाची एन. सी. होऊच शकत नव्हती. मात्र येथे एक गाठ बसलेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा आजींनी न्हाणीत पडले असे सांगितले, मुलगा शेजारीच उभा होता. केसपेपरवर तसेच लिहिले गेले. पुढे तोच कागद त्यांच्या अंगावर आला. म्हणून माझी प्रत्येक घराला विनंती आहे की, म्हातारे माणूस दवाखान्यात नेले तर डॉक्टरांना पाच मिनिटे त्याच्याशी एकट्याने बोलू द्या.

दुसरा रस्ता स्त्रियांसाठी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा फक्त सुनांसाठी आहे असा समज आळीत पसरलेला आहे. तो चूक आहे. त्या घरात राहणारी किंवा राहिलेली आई, सासू, बहीण, विधवा काकू, सर्वांना तो आहे. पूर्वी आईसारख्या नातलग स्त्रियांना तक्रार फक्त प्रौढ पुरुषाविरुद्ध करता येत असे. मुंबईतील हरसोरा कुटुंबाच्या खटल्यात, जेथे आई व मुलीने मुलगा, सून आणि इतर मुलींविरुद्ध दाद मागितली होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले. मारणे हीच हिंसा नव्हे. शिव्या देणे, पेन्शन हिसकावणे, जेवण बंद करणे हेही त्या कायद्यात हिंसाच आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायची. न्यायदंडाधिकारी मारू नये असा संरक्षण आदेश देतात, मारणाऱ्या पुरुषाला घराबाहेर राहायला सांगू शकतात, आणि संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. बापाला हा रस्ता नाही. म्हाताऱ्या पुरुषाला फौजदारी तक्रार आणि २००७ चा कायदा एवढ्यावरच भागवावे लागते. ही उणीव आहे आणि ती भरून निघाली पाहिजे असे माझे मत आहे.

वकील लागलाच तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून तो फुकट मिळतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट नाही, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेले लोकही अनुसूचित जातींत मोडतात. म्हणजे आपली म्हातारी आई त्या दारात दुहेरी हक्काने उभी राहते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे, मार चालू असेल तर ११२.

मात्र या काठीचा दुरुपयोगही मी पाहिला आहे. सासऱ्याच्या नावे अर्ज, बोलविता धनी नवराच, आणि हेतू एवढाच की बायकोला घराबाहेर काढायचे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता यांच्या खटल्यात सांगितले की, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा राहत्या घरातला हक्क पुसून टाकता येणार नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील. एका दुबळ्याच्या हातातली काठी दुसऱ्या दुबळ्याच्या डोक्यात घालणे हा धम्म नव्हे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो आजींचा नाही. तो एका तरुणाचा आहे, माझ्या शाळेतील एका विद्यार्थ्याचा बाप. त्याच्या वडिलांच्या गालावर वळ पाहून मी बोललो, तेव्हा तो म्हणाला, “सर, तुम्ही याला आत्ता पाहता. मी याला तीस वर्षं पाहतोय. माझी आई याच्या लाथेनं मेली. मला यानं विटेनं मारलं होतं.” त्याने शर्टाची बाही वर करून खूण दाखवली. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या वस्त्यांत दारूने दोन पिढ्या नासवल्या आहेत. आज मार खाणारे सगळेच म्हातारे निष्पाप नाहीत.

पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला असे वाटते की आपण दोन कर्तव्ये एकाच पोत्यात भरली आहेत. आईबापांची सेवा हे एक. ती ऋणातून येते. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी आईबापांना पूर्व दिशा म्हटले, मुलांची पाच कर्तव्ये सांगितली, पण लगेच आईबापांचीही पाच सांगितली. ही देवघेव आहे. ज्या बापाने काहीच दिले नाही त्याच्या सेवेविषयी मुलगा वाद घालू शकतो. तो वाद मी ऐकून घेईन, आणि पैसे देऊन त्याला वेगळ्या खोलीत ठेवतो म्हणाला तर दोषही देणार नाही. परंतु न मारणे हे दुसरे कर्तव्य आहे आणि ते ऋणातून येत नाही. प्राणिमात्राला इजा न करण्याचे शील आपण घेतो तेव्हा समोरचा त्याला पात्र आहे काय हे विचारत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने आपल्यासाठी काय केले आहे? तरी आपण त्याला मारत नाही. मग बापाने काही केले नाही म्हणून त्याला मारण्याचा हक्क कोठून येतो? तो अनोळखी माणसापेक्षा खाली कसा गेला?

त्या तरुणाला मी हे पुढे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे माझ्या बापाला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.” खरे आहे. तीस वर्षांपूर्वी त्या बाईच्या किंकाळ्या ऐकून तेव्हाच्या आळीनेही काहीतरी मोठे केलेच असेल, टीव्ही नसेल तर रेडिओ.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात साठीच्या पुढील दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. आपल्या देशातील २०१७-१८ च्या मोठ्या पाहणीत मात्र वीसात जेमतेम एकाने छळ होतो असे सांगितले. यावरून आपली घरे जगापेक्षा चांगली आहेत असा निष्कर्ष कोणी काढील. मला न्हाणीत घसरलेला पाय आठवतो.

आजींचे पुढे काय झाले ते सांगतो. थंडीत एका रात्री मुलाने त्यांना बाहेर काढले. त्या विहाराच्या ओट्यावर झोपल्या. पहाटे झाडायला आलेल्या बायांनी त्यांना पाहिले. त्या बाया माझ्याकडे आल्या, पण सल्ला विचारायला नव्हे. म्हणाल्या, “सर, तुम्ही अर्ज लिहून द्या. न्यायचं आम्ही बघतो.” आठ बाया टेम्पोने तालुक्याला गेल्या. तिसऱ्या खेपेला संरक्षण अधिकारी भेटल्या. प्रकरणाला दिवस नव्हे, महिने लागले. घर आजींच्या नावे होते. न्यायालयाने मुलाला त्या घरात जाण्यास आणि आईवर हात टाकण्यास मनाई केली. सून व नातवंडे आजींजवळच राहिली. मुलगा पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन राहतो. प्रांतांच्या आदेशाने ठरलेले दरमहा दोन हजार कधी देतो, कधी चुकवतो. आजी संध्याकाळी नातवाच्या हातून त्याला भाकरी पाठवतात, हे मला आवडत नाही, पण भाकरी त्यांची आहे.

पुढच्या वर्षावासात आजी पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसू लागल्या. एका रात्री वाचन संपवून मी ग्रंथ मिटत होतो तेव्हा त्या उठल्या, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, “रोज एवढं वाचतोस, तर हे बी वाच. सगळ्यांम्होरं.” मी पाहिले, त्यांचा मुलगा मागे दाराजवळ चपला काढतात तेथे बसला होता. मी म्हणालो, “आजी, इथं कशाला?” त्यांनी कागद मागे घेतला नाही. मी वाचला. ‘मारहाण करू नये’ ही ओळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, “परत वाच.” मी परत वाचली. त्यांनी कागद मागून घेतला, घडी घातली, आणि सरणत्तयं म्हणायला जागेवर जाऊन बसल्या.